गांवकारी आणि खाजनाचा बांध

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक अंकांत कुलदैवतांचीं स्थानें, मठपरंपरा आणि पूर्वजांचीं स्थलांतरें यांविषयीं एकहि लेख नाहीं, असें वर्ष सहसा जात नाहीं. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास कसा गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आणि म्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळास कशी नेली गेली, हें आपल्या घरांतील लहान मुलांनाहि सांगतां येतें. परंतु ज्या गांवांहून हीं दैवतें निघालीं, त्या गांवांत देवाच्या नैवेद्याचें भात कोठें पिकत असे, हा प्रश्न आपण स्वतःस फारसा विचारलेला नाहीं. त्याचें उत्तर देवळाच्या आवारांत सांपडत नाहीं. तें नदीकांठीं, चिखलामातीच्या एका बांधाच्या आंत, भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खालीं असलेल्या जमिनींत आहे. या जमिनीस गोमंतकांत खाजन म्हणतात. आपण ज्याचा अभिमान बाळगतों तें ‘गांवकार’ हें नांवहि या जमिनीशींच बांधलेलें आहे. म्हणून यंदा देवळें थोडीं बाजूस ठेवून बांधाविषयीं लिहावें असें आम्हीं ठरविलें.

गोमंतकांतील मांडवी, झुआरी व त्यांच्या लहानमोठ्या सोबतिणी समुद्राशीं इतक्या सलग आहेत, कीं भरतीचें खारें पाणी आंत कित्येक कोस चढतें. नदीच्या दोन्ही तीरांस जो सखल पट्टा आहे, तो मूळचा खारफुटीचा चिखल. पूर्वजांनीं त्यास बांध घालून नदीपासून तोडून घेतलें आणि त्यांत भात पिकविलें. आजच्या मोजणीप्रमाणें असें क्षेत्र सुमारें १८,००० हेक्टर भरतें. ही युक्ति पोर्तुगीजांनीं शिकविली असा समज अजून कोठें कोठें ऐकूं येतो. तो सर्वस्वीं चुकीचा आहे. बांदिवडें येथें सांपडलेल्या, कोंकणच्या मौर्य घराण्यांतील राजा अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटांत ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे, आणि तो ताम्रपट ६ व्या-७ व्या शतकांतील आहे. पोर्तुगीज मांडवीच्या मुखांत शिरले तेव्हां हे बांध कित्येक पिढ्यांचे जुने झाले होते.

ज्यांनीं खाजन पाहिलेलें नाहीं अशा मुंबई-पुण्याकडील वाचकांसाठीं त्याची रचना थोड्या विस्तारानें सांगणें अवश्य आहे. बाहेरचा मुख्य बांध चिकणमातीचा. ती माती पेंढ्यांत कालवून थरावर थर चढवावयाची आणि जेथें पाण्याचा मारा अधिक, तेथें नदीच्या अंगास चिऱ्यांची बांधणी करावयाची. बांधाच्या पायथ्याशीं बाहेरून खारफुटीचीं झाडें मुद्दाम राखलेलीं असतात. लाटांचा जोर तीं आपल्या अंगावर घेतात. बांधाला ठराविक जागीं ‘मानस’ असते. मानस म्हणजे चिऱ्यांच्या भिंतींत बसविलेलें लांकडी झडपांचें दार. भरतीचें पाणी बाहेरून दाबूं लागलें कीं झडपा आपोआप मिटतात. ओहोटीस बाहेरचें पाणी उतरलें कीं आंतील पाणी त्यांना लोटून नदींत निघून जातें. दिवसांतून दोनदां हें घडतें, आणि तेथें ना यंत्र असतें, ना दार ओढणारा माणूस. मानशीच्या आंतल्या अंगास ‘पोंय’ नांवाचा खोल डोह राखलेला असतो. आंत आलेलें पाणी प्रथम त्यांत सांठतें आणि मग लहान चरांनीं विभागलें जातें, म्हणून तें एकदम शेतावर चढत नाहीं.

पावसाळ्याच्या पहिल्या सरींनीं जमिनींतील खार धुऊन निघतो आणि मानशींतून नदींत जातो. तोंवर पेरणी करावयाची नसते. मग कोरगुट, असगो अशा खारें पाणी सोसणाऱ्या जातींचें भात पेरतात. कोरगुटाचा उतारा कमी, पण दोन-चार दिवस खाऱ्या पाण्यांत उभें राहिलें तरी तें मरत नाहीं. त्याचा पेंढा उंच व चिवट, आणि तोच पुन्हां बांधाच्या मातींत कामास येतो. जुने गोवें येथील केंद्रीय किनारी कृषि संशोधन संस्थेनें अलीकडे ‘गोवा धान’ या नांवानें ज्या खारसह जाती दिल्या, त्यांतील पहिल्या कोरगुटांतूनच निवडलेल्या आहेत, हें येथें नमूद करण्यासारखें आहे. कापणी झाली कीं मानस उघडून खारें पाणी मुद्दाम आंत घेतात. त्यानें तण मरतें, कीड मरते, आणि पाण्याबरोबर मासळी व सुंगटें येतात. कांहीं खाजनांत याच काळांत मिठागरें चालत. (१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानें गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला, आणि त्या व्यवसायानें नंतर पूर्वीचा जोर कधीं धरला नाहीं, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.) म्हणजे एकाच जमिनींत भात, मासळी आणि मीठ, तिन्हींचे मालक एक, पण तिन्हींचे हितसंबंध एकमेकांशीं झगडणारे. मासळीवाल्यास मानस अधिक वेळ उघडी हवी, भातवाल्यास ती मिटलेली हवी. खाजनाचा सारा इतिहास या झगड्याच्या निवाड्याचा इतिहास आहे, असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं.

हा निवाडा करणारी संस्था म्हणजे गांवकारी. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणूं लागले आणि तेंच नांव पुढें कागदोपत्रीं रूढ झालें. १५२६ मध्यें खजिन्याचा मुख्य अधिकारी अफोन्सु मेशिया यानें तिसवाडीच्या गांवकारांच्या चालीरीती लिहून घेतल्या. त्या सनदेस ‘फोराल’ म्हणतात. तिच्या आरंभीं अशी हकीकत दिली आहे, कीं फार पूर्वीं चार माणसें एका ओसाड बेटावर आलीं, त्यांनीं तेथील जमीन लागवडीस आणली, आणि त्यांनीं ती उत्तम रीतीनें कसली व गांवाची व्यवस्था नीट लावली म्हणून त्यांस गांवकार हें नांव मिळालें. चार माणसांची कथा अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु गांवकारपणा कोठून येतो याविषयीं १५२६ मधील गांवकारांची स्वतःची समजूत काय होती, तें तीवरून कळतें. तो त्यांस राजानें दिलेला नव्हता व शास्त्रानेंहि दिलेला नव्हता. पडीत जमीन लागवडीस आणून ती टिकविल्यामुळें तो त्यांस मिळाला होता.

गांवची जमीन कोणा एकाची नसे. ती साऱ्या गांवकारीची असे. गांवकार निरनिराळ्या वांगडांत विभागलेले असत आणि सभेंत वांगडाच्या वतीनें बोलत. सभेचा निर्णय तो ‘नेम’, आणि जुन्या रीतीनें नेम एकमतानें होत असे. शेतें ठराविक मुदतीच्या पावणीनें, म्हणजे लिलावानें, कसण्यास दिलीं जात. बहुधा ही मुदत तीन वर्षांची असे. मानशीची मासेमारीहि अशीच पावणीस निघे. उत्पन्न जमलें कीं त्यांतून सरकारचा फोर भरावयाचा, देवस्थान व गांवसेवक यांचा खर्च भागवावयाचा, बांध व मानशी यांची डागडुजी करावयाची, आणि या सर्वांतून जें उरेल तें ‘झोण’ म्हणून गांवकारांत वांटावयाचें.

या क्रमाकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों. झोण शेवटीं आहे. तीन वर्षांसाठीं शेत घेणारा मनुष्य तीन वर्षांपुरताच विचार करणार. त्याला त्याबद्दल दोष देतां येत नाहीं. तेरा वर्षांनंतर जो बांध खचणार आहे, त्याची काळजी त्यानें कां करावी? म्हणून ती काळजी त्याच्यावर सोंपविलेलीच नव्हती. ती जिला मरण नाहीं अशा संस्थेवर होती, आणि त्या संस्थेच्या सभासदांस आपला वांटा बांधाचा खर्च निघाल्याखेरीज मिळत नसे. गांवकार विशेष धर्मशील होते म्हणून बांध टिकले, असें आम्हांस वाटत नाहीं. हिशेबाच्या वहींत बांध झोणाच्या वर लिहिलेला होता, म्हणून ते टिकले.

पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्यें बारदेश व साष्टी त्यांच्या हातीं आले. १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडलीं गेलीं, १५४१ मध्यें देवस्थानांच्या जमिनींचें उत्पन्न मिशनऱ्यांच्या कार्याकडे वळविलें गेलें, आणि १५६० नंतरच्या दशकांत हाच प्रसंग साष्टीवर आला. आपले पूर्वज दैवतें घेऊन नदीपार गेले ते या काळांत. हा इतिहास आपण पुष्कळदां वाचला आहे. त्यांतील एक बाजू मात्र आपण हलकेच टाळतों. देवता पालखींत घालून नेतां येते. बांध नेतां येत नाहीं. ज्यांनीं गांव सोडलें त्यांनीं गांवकारीहि सोडली. जे राहिले त्यांतील पुष्कळ ख्रिस्ती झाले, त्यांचा गांवकारीचा हक्क कायम राहिला, आणि पुढचीं चारशें वर्षें त्यांनीं बांध सांभाळला. एकाच वांगडाच्या एका शाखेचें कुलदैवत आज कवळ्यास आहे आणि दुसरी शाखा जुन्याच गांवीं चर्चमध्यें जाते, अशीं उदाहरणें आहेत. मानशीच्या झडपांना या भेदाचें कांहींच नव्हतें. नवीन राज्यकर्त्यांस सारा हवा होता, आणि सारा हवा तर बांध हवा. म्हणून इतकी उलथापालथ करूनहि त्यांनीं गांवकारी मोडली नाहीं.

येथपर्यंत वाचून कोणास पूर्वजांविषयीं फारच धन्यता वाटूं लागली असेल, तर त्यांनीं आपल्याच समाजांत जन्मलेले थोर विद्वान् दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवरील १९४७ चा निबंध अवश्य वाचावा. पुढें तो १९६२ मध्यें त्यांच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथांत समाविष्ट झाला. कोसंबींचा जन्म १९०७ मध्यें कोसबें येथें झाला. गांवकारी त्यांस घरची होती, आणि म्हणूनच तिच्याकडे त्यांनीं भाबड्या डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. गांवकार व चिखलांत उतरून माती वाहणारा हे बहुधा एक नव्हते. माती गावडे, कुणबी आणि इतर कष्टकरी यांनीं वाहिली. झोण मात्र त्यांच्यापर्यंत पोंचला नाहीं. गांवकाराच्या घरांतील लेकींनाहि तो मिळाला नाहीं, कारण हा हक्क पुरुषवंशासच जाई. बांध आमच्या पूर्वजांनीं ‘बांधला’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्या क्रियापदाचा कर्ता कोण, याचा थोडा विचार करणें बरें.

१९ व्या शतकांत गांवकारीचे हक्क कांहीं ठिकाणीं शेअरांप्रमाणें विकले जाऊं लागले आणि ज्यांनीं गांव कधीं पाहिलें नाहीं असे भागधारक निर्माण झाले. फिलीप नेरी शाविएर यांनीं १८५२ मध्यें कोमुनिदादींच्या इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच काळांतला. पुढें १९०४ ची संहिता आली आणि नंतर १९६१ ची. प्रत्येक वेळीं सभेचे अधिकार थोडे उणे झाले आणि सरकारी प्रशासकाचे वाढले. बांधाच्या मोठ्या खर्चास वरून मंजुरी आणावी लागूं लागली. खेंकड्यानें पाडलेलें भगदाड मंजुरीची वाट पाहत नाहीं, हें लिस्बनला कोणीं कळविलें नसावें.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. १९६४ चा कूळ कायदा झाला आणि १९७६ च्या पांचव्या दुरुस्तीनें कसणारीं कुळें जमिनीचीं मालक ठरलीं. याविषयीं आपल्या घरोघरीं जे उसासे टाकले जातात, त्यांत आम्हांस सामील होतां येत नाहीं. ज्यांनीं माती वाहिली त्यांस माती मिळाली; हें न्याय्य झालें. दुःख आहे तें निराळ्या गोष्टीचें. शेत कुळाकडे गेलें, पण हिशेबाच्या वहींतील तो क्रम कोणाकडेच गेला नाहीं. बांधाची जबाबदारी कुळांच्या मंडळांवर टाकण्यांत आली. कांहीं मंडळांनीं ती उत्तम पार पाडली. तीं आजहि पाडीत आहेत. पुष्कळांनीं मात्र मानशीची पावणी तेवढी चोख केली. मासळीचा भाव वाढला, भाताचा परवडेनासा झाला, आणि मानस रात्रीच्या रात्री उघडी राहूं लागली. कांहीं ठिकाणीं कोळंबीसाठीं बांध मुद्दाम फोडला गेला. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९६ मध्यें किनारपट्टींतील कोळंबीच्या व्यापारी शेतीस मनाई केली, ती देशभरच्या अशाच प्रकारांवरून. पारंपरिक पद्धतीस मात्र तींतून वगळलें. त्यांत १९५० नंतर मांडवी-झुआरींतून खनिज वाहणाऱ्या बार्जींची वर्दळ वाढली होतीच. त्यांच्या लाटा अहोरात्र बांधाच्या पायथ्यावर आदळत राहिल्या.

एक विचित्र गोष्ट येथें सांगितली पाहिजे. बांध फुटून खाजनांत खारें पाणी कायमचें शिरलें, कीं कांहीं वर्षांत तेथें खारफुटी उगवते. खारफुटी कायद्यानें संरक्षित आहे, आणि ती तशी असावी यांत शंका नाहीं. परंतु मग शेत परत मिळविण्यासाठीं ती तोडतां येत नाहीं. बाहेरून बांध राखणारें झाड आंत आलें म्हणजे शेताचा मृत्युलेख ठरतें. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेंत गोव्याच्या खाजनांसाठीं स्वतंत्र कलमें आहेत. खाजनांची नोंद नकाशावर व्हावी, त्यांच्या व्यवस्थेची योजना व्हावी आणि त्यांत बांधकामें होऊं नयेत, असें तीं सांगतात. कलम उत्तम आहे. खेंकडा अजून तें वाचीत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही आपल्या मूळ गांवीं गेलों होतों. त्या पावसाळ्यांत बांध फुटला होता व शेतांत गुडघाभर खारें पाणी उभें होतें. बांधावर एक वयोवृद्ध ख्रिस्ती शेतकरी भेटले. त्यांस आम्हीं ‘काका’ म्हणून हांक मारली आणि बांध कसा फुटला तें विचारलें.

“बाब, फुटला ती रात्र सगळे सांगतात,” ते म्हणाले, “पण भगदाड सहा महिने आधींपासून दिसत होतें. बुजवायला सांगायचें कोणाला? आमचें मंडळ म्हणतें सरकार करील, सरकार म्हणतें मंडळानें करावें, आणि तुमची कोमुनिदाद म्हणते, शेतें आमचीं राहिलीं कोठें? मानशीचे पैसे मात्र अजून तीच घेते.”

आम्हीं विचारलें, “मग काका, सभेंत कोणी बोलत नाहीं का?”

“सभा भरते कुठें? माणसें हवींत ना! तुम्ही सगळे मुंबईस. तुमच्या घरचे शेवटचे कधीं आले होते?”

याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. आमच्या घरीं झोणाची रक्कम एका नातेवाईकामार्फत येत असे, ती इतकी अल्प कीं तिची चेष्टाच व्हावयाची. पावती संदुकींत पडे. सभेची सूचनाहि त्याच संदुकींत पडत असावी. गणपूर्ति न झाल्यानें सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेंत दोघे-तिघे मिळून मानशीची पावणी उरकून घेतात, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. चारशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं गांव सोडलें त्यांस सोडणें भाग पडलें होतें. आमच्या घराण्याची शाखा त्या वेळीं गेली नव्हती. ती राहिली होती, आणि मागाहून चांगल्या नोकरीसाठीं आपखुषीनें गेली. म्हणून झोण आमच्याकडे येत होता.

पुढच्या सभेस आमच्या वांगडांतील चौघे मुंबईहून गेले. इतर दोन वांगडांतलेहि कांहीं आले आणि गणपूर्ति झाली. सभेपुढें विषय एकच होता: मानशीच्या पावणीचें त्या वर्षींचें उत्पन्न झोण म्हणून वांटावें, कीं बांधाचें खिंडार बुजविण्यास व झडपा बदलण्यास ठेवावें. दीड तास बोलणें झालें. कुळांच्या मंडळाचे दोन प्रतिनिधि बाहेर व्हरांड्यांत बसून होते. त्यांस आंत बोलवावें कीं नाहीं यावरच त्यांतला अर्धा तास गेला. अखेर त्यांस बोलाविलें. पैसे बांधास ठेवावे आणि माती व मजूर यांची व्यवस्था मंडळानें करावी, असा ठराव बहुमतानें मंजूर झाला. एक मत विरुद्ध पडलें, तें आमच्याच घरचें होतें. जुन्या रीतीचा नेम असता तर त्या एका मतानें काम अडलें असतें. झडपा मे अखेर बसल्या. त्या वर्षीं पाऊस ७ जूनला लागला, आणि काकांनीं पेरणीस आणखी बारा दिवस थांबण्यास सांगितलें, कारण चरांतील पाणी जिभेस अजून खारट लागत होतें.